वाचकांचे प्रश्न: कोकणात खून कसा लिहावा

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, की कोकणातल्या आडगावात घडणारी गुन्हेकथा लिहिताना किंवा बघताना तुमचं कुठे अडतं. पत्रांवरून दिसतंय की निम्मा महाराष्ट्र सध्या वेब सिरीज लिहितोय. मी मालिकांच्या पटकथा लिहून पोट भरते आणि राहते राजापूर तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत. म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. निवडक पत्रांना उत्तरं देतेय. नाव छापू नका, असं बहुतेकांनी बजावलंय. बरोबर आहे, गावी कळलं तर पंचाईत.

प्रश्न: माझ्या कथेतलं घर दाट जंगलात आहे, पाच किलोमीटर वस्ती नाही. अमावस्या, मुसळधार पाऊस, लाईट गेलेली, नायक एकटा. एवढं घालूनही वाचणारे म्हणतात, भीती वाटत नाही. काय कमी पडतंय?
(होतकरू लेखक, डोंबिवली)

माणसं कमी पडतायत.

पाच किलोमीटर वस्ती नसलेलं घर तुम्ही कोकणात बघितलंय का? आपली गावं विखुरलेली आहेत, ओसाड नाहीत. गाव म्हणजे आठदहा वाड्या, एक डोंगराच्या कुशीत, एक सड्यावर म्हणजे वरच्या कातळी माळावर, एक खाडीला चिकटून. वाडीत वीसेक घरं, त्यातली निम्मी अनंत चतुर्दशी उलटली की कुलूपबंद, उरलेल्यांत सत्तरी ओलांडलेली माणसं. दोन घरांच्या मध्ये जांभ्याचा एक गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत. तुमचा नायक जंगलात एकटा आहे, म्हणजे त्याच्या वाईटावर असणारं तिथे कोणीच नाही. पावसाचं आणि काळोखाचं त्याच्याशी वैर नाही. वाचणारा कशाला घाबरेल?

आता हे बघा. नायक मुंबईहून आलाय, वडिलांच्या वाट्याचं घर विकायला. मुक्कामाची एसटी त्याला तिठ्यावर उतरवते. पाणंदीतून घरापर्यंत चालत जातो, वाटेत कोणी भेटत नाही. घरी पोचतो तर खळं, म्हणजे अंगण, झाडलेलं. पायरीवर पाण्याने भरलेली कळशी, तिच्यावर झाकण. कुलुपात किल्ली घालतो तर ते लोण्यासारखं उघडतं, कोणीतरी तेल दिलंय. तो येतोय हे त्याने कोणालाच कळवलेलं नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून दोनदा परसात जाऊन येतो. सकाळी गडग्यापलीकडून काका दात घासता घासता विचारतात, "काल रातचो जागो हुतंस काय रे? दोनदा बॅटरी दिसली."

एवढंच. काकांनी धमकी दिलेली नाही, काळजीनेच विचारलंय. पण आपल्या रात्री कोणीतरी मोजतंय, हे नायकाला कळलं. पुढे तो वकिलाला भेटायला तालुक्याला निघाला की तिठ्यावर तिघं विचारणार, "खंय चल्लंस?" खोटं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत खोटं ठरतं, खरं सांगितलं तर त्याच्या आधी तालुक्याला पोचतं.

तुमच्या अमावस्येचंही तसंच. मिट्ट काळोखात समोरच्या डोंगरावरच्या वाडीतून खालची एवढीशी बॅटरी स्वच्छ दिसते. बॅटरी विझवून सड्यावर चढलात तर टिटवी ओरडते. रात्री टिटवी उगाच ओरडत नाही, कातळावर कोणीतरी चालतंय म्हणून ओरडते, आणि हे वाडीतल्या पोराटोरांना माहीत असतं. म्हणजे ज्या काळोखात नायक लपेल असं तुम्ही धरून चाललात, त्याच काळोखात तो सगळ्यांत उघडा पडतो. जंगल काढून टाका आणि काकांना एखादं पान वाढवून द्या.

प्रश्न: शेरलॉक होम्स एका कथेत म्हणतो की लंडनच्या गल्लीबोळांपेक्षा खेड्यातली सुंदर एकटी घरं जास्त भयंकर. आपल्याकडे हे लागू पडतं का?
(निवृत्त ग्रंथपाल, चिपळूण)

ती 1892 सालची 'कॉपर बीचेस' नावाची कथा. होम्स आणि वॉटसन आगगाडीने विंचेस्टरला चाललेत. खिडकीतून शेतातली घरं बघून वॉटसन खूश होतो आणि होम्स त्याचा विरस करतो. त्याचं म्हणणं असं की शहरात दारुड्याने हात उगारला, पोर किंचाळलं, तर शेजारी चवताळतात आणि पोलीस चार पावलांवर असतात. शेतातल्या एकट्या घरात वर्षानुवर्षं काय चाललंय याचा बाहेर पत्ता लागत नाही.

आपल्याकडे निम्मं लागू. पोलिसांच्या अंतराचं बरोबर आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण होम्सची घरं आपापल्या शेतात एकेकटी असतात. आमच्या वाडीत किंचाळी ऐकू जाते, एका नाही, पाच घरांत जाते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या बाईच्या गालाकडे सगळ्याजणी बघतात आणि कोणी काही विचारत नाही. एकजण तिचा हंडा भरून देते. मी हा प्रसंग एका मालिकेत लिहिला तेव्हा दिग्दर्शक तो कापायला निघाला होता, यात काही घडतच नाही म्हणून. भांडून ठेवून घेतला. पाच घरांना माहीत असून सगळे गप्प, यात काही घडत नाही असं ज्याला वाटतं त्याने पाठलागाच्या सिरीज कराव्यात.

प्रश्न: आता गावोगावी टॉवर आहेत. मोबाईल असताना एकाकीपणा कसा दाखवायचा? की कथा 1985 सालात न्यायची?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पनवेल)

1985 ला पळू नका. फोन लागला म्हणून माणूस पोचत नाही.

कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहा, वाशिष्ठीच्या पलीकडे समोर धोपावे दिसतं. फेरीबोटीने काही मिनिटांचा प्रश्न. रात्री फेरी बंद झाली की गाडीने तेच धोपावे गाठायला खेड, चिपळूण असा सगळा वळसा. बाणकोट, जयगड, सगळ्या खाड्यांनी किनारा असाच तुकड्यातुकड्यांनी कापलाय. अशी एखादी खाडी तुमच्या कथेत आणा. नायिका 112 ला फोन लावते, तो पहिल्या झटक्यात लागतो, पलीकडची बाई नीट पत्ता लिहून घेते, गाडी निघते. थोड्या वेळाने पलीकडच्या तीरावर गाडीचा लाल-निळा दिवा दिसतो. तो वळतो आणि घाटीच्या दिशेने परत जातो, कारण त्याला वरून पुलावरून यायचंय. तोवर तिने काय करायचं ते तुम्ही ठरवा.

लहान खाड्यांत ओहोटीला होडी चिखलात बसते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईहून आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला हे तक्त्यात बघावं लागेल. खाडीकाठी वाढलेल्या खुन्याला तिथी सांगितली की पुरतं, पाणी कधी चढेल हे तो मनातल्या मनात मांडतो. दोघांमधली ही तफावत कुठल्याही पिस्तुलापेक्षा उपयोगी आहे.

वादळ हवं असेल तर तेही घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत पुढे दिवसचे दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे टॉवरची बॅटरी संपली की फोनही मुका. पण वादळ एकदाच वापरता येतं. मला त्याहून आवडते ती रेंजची जागा. ती प्रत्येक वाडीत असते, सड्यावरचा एखादा कातळ किंवा देवळाची तिसरी पायरी. फोन करायचा तर तिथेच यायचं आणि मोठ्याने बोलायचं. नायिकेला ज्याच्याविरुद्ध तक्रार करायचीय तोच त्या कातळावर बसून रील बघतोय. तिला बघून तो उठतो, जागा देतो. "बसा वहिनी, हय दोन काड्ये येतत." आणि चार पावलांवर जाऊन विडी पेटवतो. आता करू द्या तिला फोन.

प्रश्न: खलनायक कसा असावा? मी दारू पिणारा, बंदूक बाळगणारा सावकार घेतला आहे.
(गृहिणी, रत्नागिरी)

ताई, तुम्ही रत्नागिरीत राहता आणि असा सावकार कुठे भेटला? बंदूक ठेवा, ती खरी आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो. माकडं, वानर, रानडुक्कर यांच्यापायी पहाटे बार उडाला तर कूस बदलून लोक झोपतात. खून करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. आणि उलटी गंमत अशी, की निवडणुकीची आचारसंहिता लागली की यातल्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लागतात. त्या दिवसांत बार ऐकू आला तर अख्खी वाडी अंथरुणात उठून बसेल. ही कल्पना फुकट दिली, घ्या.

सावकाराला मात्र रजा द्या. आपल्याकडे जीवावर उठण्याएवढं वैर असतं ते सात-बाऱ्यावर. तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, काही बोरिवलीत, काही बडोद्याला, वाटप कधी झालंच नाही. कुठल्यातरी बिल्डरने समुद्राच्या बाजूचा तुकडा मागितला की सगळ्यांना एकदम गावाची ओढ लागते. त्यात बहिणी. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, म्हणजे तिची सही नसेल तर कागद अडतो.

मग खलनायिका कोण? चुलत काकी. सत्तरीची, नऊवारी, गुडघे दुखतात. नायिका दहा वर्षांनी माहेरी आलीय, नवरा नाही, घरात एकटी. काकी पहिल्या दिवशी फणसाची भाजी घेऊन येते, दुसऱ्या दिवशी आंबोळ्या. तिसऱ्या दिवशी भांडं परत न्यायला येते आणि पदराखालून हक्कसोडपत्र काढते. "वाचूक नको गो, तुझ्या भावान वाचल्यान हा." नायिका म्हणते, विचार करून सांगते. काकी हसते, गालावरून हात फिरवते. चौथ्या दिवशी भाजी येत नाही. पाचव्या दिवशी दूधवाला येत नाही. विहिरीवरचा रहाट मोडलाय म्हणून निरोप येतो. घराची दुसरी किल्ली काकीकडेच आहे, गेली दहा वर्षं ती तिच्याकडेच होती, पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायला. रात्री नायिका आतून कडी लावते आणि तिच्या लक्षात येतं की कडीचा कोयंडा कोणीतरी सैल करून ठेवलाय.

आणि खून झाल्यावर पहिला संशय कोणावर? आंब्याच्या हंगामात बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी गड्यावर. तो बिचारा चार महिन्यांपुरता आलेला, त्याला कोणाची भावकी नाही. हे दाखवलंत तर गाव पूर्ण होतं.

प्रश्न: प्रेत विहिरीत सापडतं. पुढे खरोखर काय होतं? सगळ्या सिरीजमध्ये एसपीच हजर होतो.
(कायद्याची विद्यार्थिनी, कुडाळ)

आधी पोलीस पाटील. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला, गावातलाच रहिवासी, मानधनावर. तो ठाण्याला कळवतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, हवालदार नाहीतर फौजदार येतो, मरणोत्तर पंचनामा होतो, प्रेत ग्रामीण रुग्णालयात जातं. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतं, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174 होतं. तुम्हाला हे पाठ असणार.

पण त्या कलमातली पंचांची अट लेखकाच्या डोळ्यांनी वाचून बघा. पंचनामा आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा असतो. विसापंधरा घरांच्या वाडीत प्रतिष्ठित रहिवासी कोण मिळणार? मयताचा चुलता आणि मयताच्या चुलत्याचा व्याही. दोघं विहिरीच्या काठावर उभे, फौजदार विचारतोय, लिहून घेतोय, आणि ते सही करतायत की अंगावर खुणा दिसल्या नाहीत. कायद्याला हवं ते सगळं झालं. काठावर उभ्या बाकीच्यांनाही खुणा दिसल्यात, आणि आपल्याला दिसल्यात हे सगळ्यांनी एकमेकांना बघताना बघितलंय. मी असते तर पहिला भाग इथे संपवला असता.

विहिरीबद्दल एक सांगायचं राहिलं. महिना ठरवल्याशिवाय प्रेत टाकू नका. मे अखेरीला आमच्या विहिरी तळाला जातात, कळशी खडकावर आपटल्याचा आवाज येतो. तेव्हा टाकलेलं प्रेत सकाळी पहिल्या दोराला दिसेल. जुलैत जांभ्यातून पाणी असं चढतं की काठावर बसून हाताने तांब्या भरावा. तेव्हा प्रेत बुडतं आणि दोनएक दिवसांनी फुगून वर येतं, तोवर वाडी तेच पाणी पीत असते. खुनी पण पितो, कारण तो एकटाच प्यायचा थांबला तर कळेल.

प्रश्न: राखणदार, देवचार, चकवा घातले तर अंधश्रद्धा पसरवल्याचा ठपका येईल का? जादूटोणाविरोधी कायदा आहे ना.
(शिक्षक, सावंतवाडी)

2013 चा कायदा अघोरी प्रथा आणि दैवी शक्तीच्या नावाने होणारी फसवणूक यांच्याविरुद्ध आहे. तुमच्या पात्राने राखणदार, म्हणजे गाव राखणारी अदृश्य शक्ती, मानला म्हणून तुम्हाला कोणी बेड्या घालत नाही. माझी तक्रार निराळी. भूत आलं की माणसं सुटतात. गुन्हा त्याच्या नावावर जातो आणि काकी मोकळी.

तरी देवळाला सोडू नका, गाऱ्हाणं घ्या. तुम्ही तर सावंतवाडीचे. गावाच्या देवळात मंडळी जमलीत, नारळ ठेवलाय, गावकर हात जोडून देवाला सांगतोय की बा देवा महाराजा, ज्या कोणी ह्या केल्यान, त्येका तूच बघ. प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय महाराजा!" म्हणतात. खुनी त्या रांगेत उभा आहे. त्यालाही म्हणावंच लागतं. कॅमेरा तोंडांवरून फिरवा. एकाचं "व्हय महाराजा" बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्याने आलं, एवढं पुरे. देव येईल न येईल, शेजारच्याने मान वळवून बघितलंय.

प्रश्न: मी ध्वनिमुद्रण करतो. कोकणातल्या रात्रीसाठी रातकिडे, घुबड, समुद्राची गाज आणि दूरवर होडीचं इंजिन असा ट्रॅक तयार आहे. चालेल?
(ध्वनितंत्रज्ञ, ठाणे)

कुठल्या महिन्यातली रात्र? जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की बेडकांपुढे रातकिडे ऐकू येणार नाहीत. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा घ्या, हल्ली पडवीला बहुतेकांनी पत्रे घातलेत. माडाची सुकी झावळ पडल्याचा आवाज जरूर घ्या. नवख्या माणसाचा जीव जातो आणि घरचा माणूस मानही वर करत नाही, दोघांना एका चौकटीत बसवून तेवढ्या आवाजावर प्रसंग उभा राहतो.

घुबड काढा, पिंगळा ठेवा. आणि इंजिन पावसाळी रात्रीत अजिबात नको. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. जुलैच्या रात्री खाडीतून इंजिनाचा आवाज आला तर आमच्याकडची प्रत्येक म्हातारी उठून खिडकीशी जाईल. वाजवायचंच असेल तर आधी लेखकाला विचारा, होडीत कोण आहे ते.